टर्नरच्या पावसात पळणारा ससा कुणाला दिसलाय का?

रेडिंगकर

गेली सहा वर्षं मी रेडिंग ते लंडनचं पॅडिंग्टन स्टेशन अशी ये-जा करतो. वाटेत मेडनहेडला गाडी टेम्स ओलांडते. ओलांडते म्हणजे काय, मोबाईलमधून मान वर काढेपर्यंत नदी गेलेली असते. मागच्या महिन्यात देवरुखहून आलेल्या मावशीला नॅशनल गॅलरी दाखवायला नेलं (प्रवेश फुकट आहे आणि बाहेर पाऊस होता, ही खरी कारणं). तिथे एका चित्राशेजारची पाटी वाचून उडालोच. इंग्लिश चित्रकार टर्नर, 'पाऊस, वाफ आणि वेग – ग्रेट वेस्टर्न रेल्वे', १८४४. पूल मेडनहेडचा. म्हणजे माझाच की!

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चित्र साधारण तीन फूट बाय चार फूट. त्यातला निम्म्याहून जास्त भाग पिवळट, करडा, निळसर असा नुसता कालवलेला. डावीकडे नदी, नदीत एक होडी, काठाशी पांढरट ठिपक्यांएवढी माणसं, लांबवर जुना रस्त्याचा पूल. पार उजवीकडे शेतात कुणीतरी नांगर धरलाय. आणि या सगळ्या धूसरातून एक तिरका पूल खालच्या उजव्या कोपऱ्याकडे येतो, त्यावरून काळं इंजिन थेट आपल्या अंगावर.

मावशी दोन मिनिटं बघून म्हणाली, "अरे, हे पुसलंय की पुरं करायचं राहिलंय?"

मी हसलो, पण मग तिथून हलेचना. आपल्याला नक्की काय वाटतंय तेच ठरेना. एकदा वाटलं, उजाडतंय, छान आहे. लगेच वाटलं, काहीतरी वाईट होणार आहे. आणखी एक, हे दृश्य लंडनच्या दिशेला तोंड करून पाहिलेलं आहे. म्हणजे गाडी लंडन सोडून पश्चिमेला निघालीये. माझी संध्याकाळची घरी यायची गाडी!

घरी येऊन वाचलं, तर या चित्रात रुळांवर इंजिनाच्या पुढे एक ससा पळतोय म्हणे. मला दिसला नाही. मावशीलाही नाही. ज्यांनी चित्र समोरून पाहिलंय त्यांनी सांगा: ससा दिसतो का? आणि हे चित्र रेल्वेचं कौतुक आहे की रेल्वेबद्दलची हळहळ?

चिंचगोळी

वाचतेय. चित्रातलं ओ की ठो कळत नाही, पण मावशी फार आवडल्या.

खडू

ससा आता जवळजवळ पुसला गेलाय, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. तैलरंग जुना होत जातो तसा पातळ थर पारदर्शक होत जातो. टर्नरने ससा अगदी पातळ, तपकिरी रंगात, खालच्या काळसर रंगावर काढला होता. खालचं वर आलं, वरचं विरलं. १८५९ मध्ये रॉबर्ट ब्रँडर्डने या चित्रावरून छापचित्र कोरलं, त्यात ससा स्वच्छ दिसतो. म्हणजे तेव्हाच्या माणसांना तो दिसत होता. आपण सगळे वेगळं चित्र बघतोय.

आता मूडबद्दल. मी जलरंग शिकवतो, त्यामुळे माझं उत्तर थोडं मिस्त्रीकामाचं असेल. पावसाळी दृश्य करायचं म्हटलं की मुलं पहिली चूक करतात ती पावसाच्या रेघा मारण्याची. पाऊस रेघांनी येत नाही, तो कडा खाऊन टाकल्यावर येतो. कागद ओला असतानाच दुसरा रंग सोडायचा, झाडाची कड आभाळात विरघळू द्यायची. टर्नर हा आयुष्यभर जलरंगात काम केलेला माणूस. म्हाताऱ्या वयात (या चित्राच्या वेळी तो एकोणसत्तरीला टेकला होता) त्याने तीच युक्ती तैलरंगात आणली. खाली पातळ थर, वर जाड रंग सुरीने थापलेला, कुठे घासलेला, कुठे नुसता ओढलेला. कादंबरीकार थॅकरेने तेव्हा लिहिलं होतं की पाऊस म्हणजे थापीने कॅनव्हासवर मारलेले घाणेरड्या पुट्टीचे गोळे आहेत. शिवी वाटते, पण वर्णन बरोबर आहे. त्याच लेखात त्याने असंही म्हटलंय की गाडी खरोखर ताशी पन्नास मैलांनी येतेय, लवकर जाऊन बघा, नाहीतर चित्रातून बाहेर पडून समोरच्या भिंतीतून निघून जाईल. म्हणजे गड्याला कळलं होतं सगळं.

एक प्रयोग करा. चित्राची प्रत स्क्रीनवर घ्या आणि इंजिनावर अंगठा ठेवा. काय राहतं? नदीकाठची कोवळ्या उन्हाची ओलसर सकाळ. भीती कुठेच नाही. आता अंगठा काढा. तेच आभाळ, तोच पिवळा रंग, आणि ते एकदम धुरकट, जळकं वाटायला लागतं. सगळ्या चित्रात टोकदार कड जवळजवळ एकाच जागी आहे, इंजिनाच्या धुराड्याला. बाकी सगळं विरघळतंय. जो मूड आभाळात आहे असं वाटतं, तो त्या धुराड्यामुळे आहे.

रेडिंगकर

@खडू, आत्ता ऑफिसात अंगठा लावून बघितला. शेजारचा विचारतोय काय चाललंय. अगदी खरं आहे हो!

लोको_पायलट_नाही

चित्र बाजूला ठेवू, इंजिनाचं बोलू.

हे ग्रेट वेस्टर्नच्या 'फायरफ्लाय' वर्गातलं इंजिन मानतात, सात फुटांची चाकं. ही रेल्वे बांधणाऱ्या ब्रुनेलचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) २१४० मिलिमीटर, आपला भारतातला ब्रॉडगेज १६७६. म्हणजे आपल्यापेक्षाही हातभर रुंद. तो गेज १८९२ मध्ये कायमचा बंद झाला.

पूलही साधा नाही. १८३८ सालचा, नुसत्या विटांचा. दोन मुख्य कमानी प्रत्येकी १२८ फुटांच्या आणि मधली उंची फक्त २४ फूट. इतकी चपटी कमान उभी राहणारच नाही असं लोकांना वाटत होतं. गोष्ट अशी सांगतात की कंपनीच्या संचालकांनी कमानीखालचा लाकडी आधार काढू नका म्हणून हट्ट धरला. ब्रुनेलने तो आधीच जरासा खाली सरकवून ठेवला होता, नुसता दाखवायला उभा. मग वादळात तो उडून गेला आणि पूल जिथल्या तिथे. आजही आहे.

आता तक्रार. चित्रात इंजिनाच्या तोंडाशी तांबडा जाळ दिसतो. वाफेच्या इंजिनात भट्टी मागे असते, ड्रायव्हरच्या पायाशी. पुढच्या तोंडाला असतं ते धुराचं खोकं. तिथून असा जाळ दिसत नाही. टर्नरने इंजिन नीट पाहिलेलंच नाही, किंवा पाहूनही त्याला फरक पडला नाही. दोन्ही माझ्यासारख्याला दुःखदायकच.

आणि वाफेचे तीन पांढरे पुंजके मागे मागे लहान होत गेलेत, ते मात्र झकास. वेग दाखवायची तेवढीच खूण आहे, बाकी गाडी उभीच आहे म्हणा ना.

खडू

@लोको_पायलट_नाही, अहो, त्याने इंजिन पुढून उघडून दाखवलंय! आत जे जळतंय ते बाहेर आणलंय. आपल्याकडे हनुमान छाती फाडून दाखवतो तेव्हा कुणी शरीरशास्त्र विचारतं का?

लोको_पायलट_नाही

हनुमानाच्या छातीत राम योग्य जागी होता. भट्टी मागे असते. मागे.

स्पष्टवक्ता

मला या सगळ्या चर्चेत एक गोष्ट खटकते. 'अर्थ' आपण लादतो. ससा म्हणजे निसर्ग, इंजिन म्हणजे यंत्रयुग, नांगर म्हणजे जुनं खेडं. शाळेतल्या निबंधासारखं झालं हे. कलासमीक्षक रस्किन हा टर्नरचा सर्वांत मोठा भक्त. त्याने टर्नरवर पानंच्या पानं लिहिली, पण या चित्राबद्दल जवळपास मौन पाळलं. इतक्या कुरूप विषयाचंही आपण काय करू शकतो हे दाखवायला टर्नरने ते काढलं, एवढंच तो म्हणाल्याची नोंद आहे. झालं की मग! चित्रकाराला पाऊस, वाफ आणि वेग रंगवायचे होते, नावातही तेच तीन शब्द लिहिलेत. त्यात कौतुक आणि हळहळ कुठून आली?

तळ्याकाठी

@स्पष्टवक्ता, अर्धं पटलं. ससा म्हणजे निसर्ग वगैरे मलाही नको वाटतं. पण सशाकडे लक्ष खुद्द टर्नरनेच वेधलं होतं. रॉयल अकादमीत प्रदर्शनाआधी चित्रांवर शेवटचा हात फिरवायचे दिवस असत. तेव्हा तिथे एक नऊ वर्षांचा मुलगा त्याचं काम बघत उभा होता. तो पुढे स्वतः चित्रकार झाला, जॉर्ज लेस्ली. त्याने लिहून ठेवलंय की टर्नर मधूनमधून त्याच्याशी बोलत होता आणि इंजिनापुढे जीव घेऊन पळणारा छोटा ससा त्याने बोट करून दाखवला. पाऊस नाही दाखवला, वाफ नाही दाखवली, ससा दाखवला. माणूस लहान मुलाला चित्रातलं काय दाखवतो यावरून थोडंफार कळतंच की.

दुसरी एक आठवण लेडी सायमन नावाच्या बाईंची. डेव्हनकडून लंडनला येताना त्यांच्या डब्यात एक म्हातारा गृहस्थ होता. बाहेर वादळ पेटलेलं. त्याने विचारून खिडकी उघडली आणि डोकं बाहेर काढून उभा राहिला, जवळजवळ नऊ मिनिटं. मग चिंब भिजलेला आत आला आणि डोळे मिटून बसला. बाईंनाही राहवेना, त्यांनीही डोकं काढलं. पुढच्या वर्षी प्रदर्शनात हे चित्र दिसल्यावर त्यांना उलगडा झाला. ही आठवण बऱ्याच वर्षांनी सांगितलेली, तेव्हा थोडी रंगलेलीही असेल. पण तुम्ही कधी पावसात गाडीतून डोकं काढलं असेल तर पटेल. डोळे अर्धवट मिटलेले असतात, तोंडावर मारा चालू असतो आणि समोरचं जग असंच दिसतं: पिवळं, करडं, आणि मध्ये काहीतरी काळं.

आता मला खरं सांगायचं होतं ते. चित्रात इंजिनामागचे डबे बघा. उघडे आहेत. आत माणसं आहेत, पावसात. चित्रकाराची ही कल्पना नव्हे, तिसऱ्या वर्गाचे डबे तसेच असत, मालाच्या वाघिणीसारखे. २४ डिसेंबर १८४१ ला पहाटे याच मार्गावर, ट्वायफर्ड आणि रेडिंगच्या मध्ये सॉनिंगच्या खोदलेल्या खिंडीत, पावसाने दरड खाली आली आणि गाडी तिच्यात घुसली. तिसऱ्या वर्गाचे उघडे डबे इंजिनाला लागून होते, त्यांच्या मागे मालाच्या वाघिणी. मागचा सगळा भार पुढे आला. आठ जण जागीच गेले. बरेचसे गवंडीकामाचे मजूर, नाताळला घरी निघालेले. १८४४ च्या मे महिन्यात हे चित्र प्रदर्शनात लागलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायदा झाला: तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना वर छप्पर हवं, दिवसातून निदान एक गाडी मैलाला एक पेनी दराने हवी.

टर्नरच्या मनात सॉनिंग होतं असं मी म्हणत नाही. पण चित्र बघायला आलेल्या लंडनकरांच्या मनात नसेल का? नावातला पहिला शब्द 'पाऊस' आहे. आपल्याला तो मूड वाटतो. त्यांना ती अडीच वर्षांपूर्वीची बातमी वाटली असेल.

@रेडिंगकर, ती खिंड तुमच्या रोजच्या वाटेवरच आहे.

रेडिंगकर

सॉनिंगची खिंड! दोन्ही बाजूंना उंच झाडीचा उतार येतो, नेटवर्क जातं आणि मी दरवेळी वैतागतो, तीच. सहा वर्षं मी तिला 'नेटवर्क जातं ती जागा' म्हणतोय.

चिंचगोळी

बाई बाई. एका सशापायी किती लोकांच्या मागे ससेमिरा लागला.

शब्दवेल्हाळ

अवांतर होईल, पण ससेमिराचा सशाशी काही संबंध नाही. 'स', 'से', 'मि', 'रा' ही चार श्लोकांची आद्याक्षरं. एका जुन्या कथेतला राजपुत्र मित्रद्रोहामुळे वेडा होतो आणि एवढी चारच अक्षरं सारखी बडबडत राहतो. चालू द्या.

चिंचगोळी

चालू कसलं द्या, विनोदाचा खून झाला.

स्पष्टवक्ता

@तळ्याकाठी, उघड्या डब्यांचं माहीत नव्हतं. मान्य. पण मग मूडचं काय? एवढी भयंकर पार्श्वभूमी असेल तर चित्र सुंदर का दिसतं? काठावरची ती पांढरी माणसं तर नाचतायत किंवा हात हलवतायत असं वाटतं.

खडू

कारण ते सुंदरच होतं! रेल्वे बघायला लोक नटूनथटून जात. १८५३ मध्ये आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी सुटली तेव्हाही लोकांनी रुळांच्या कडेने गर्दी केली होतीच की. भीती आणि नवल हे एकाच पोटात असतं. त्यासाठी चित्रात दोन वेगळे कोपरे लागत नाहीत.

खोपोलीवाली

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे बाबा रेल्वेत होते, गँगमन म्हणून लागले आणि मुकादम होऊन रिटायर झाले. आयुष्य बोरघाटात गेलं. पावसाळ्यात रात्रीची गस्त असायची. डोक्यावर इरलं, पुढे रेनकोट आले, हातात कंदील, खांद्यावर पिशवी, पिशवीत लाल झेंडी आणि फटाके. (फटाके म्हणजे रुळावर बांधायचे. दरड आली तर लांब जाऊन रुळाला बांधायचे, चाक वरून गेलं की आवाज होतो, ड्रायव्हर गाडी थांबवतो.) दरड हा शब्द आमच्या घरात भाजी-भाकरीसारखा होता.

काल रात्री हा धागा वाचत होते तेव्हा बाबा शेजारी होते. म्हटलं दाखवू तरी. चित्र मोठं करून टॅबवर दिलं. त्यांना नाव, साल काही सांगितलं नाही. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग स्क्रीन पुसली. मग बराच वेळ बघून विचारलं, "पुलावर बाजूला उभं राहायला जागा कुठाय?"

मला कळलं नाही. ते म्हणाले, लांब पुलावर ठरावीक अंतरावर कठड्याबाहेर काढलेला एक खण असतो. गाडी आली की गस्तवाल्याने त्यात शिरायचं, पाठ टेकायची, पिशवी पोटाशी धरायची आणि गाडी जाईपर्यंत खाली बघायचं नाही. या चित्रात तसा खण दिसत नाही. दोन्हीकडे सलग कठडा.

मग मी त्यांना सशाचं सांगितलं. म्हटलं, इथे कुठेतरी ससा पळतोय, आता दिसत नाही. बाबा लगेच म्हणाले, "मग तो सरळच पळणार. बाजूला जाणार कुठे? दोन्हीकडून भिंत आहे त्याला."

एवढंच. मला त्यातला अर्थ वगैरे सांगता येत नाही. पण त्यानंतर ते चित्र मला बघवेना.

तळ्याकाठी

या चित्रावर मी बरंच वाचलंय. ससा गाडीपेक्षा जोरात पळतो की गाडी सशाला गाठते, यावर लोकांनी वाद घातलेत. कठड्याबद्दल कुणी बोललेलं माझ्या वाचनात नाही. बाबांना नमस्कार सांगा.

खडू

मघाशी मी म्हटलं होतं की टोकदार कड फक्त धुराड्याला आहे. चुकलो. आत्ता परत उघडून बघितलं. दुसरी ठाम रेघ पुलाच्या कठड्याची आहे. आभाळ, नदी, शेत सगळं विरघळवलं आणि या दोन गोष्टी तेवढ्या घट्ट ठेवल्या. शेताकडे आणि नदीकडे बघा, केवढी मोकळी जागा आहे! सगळं चित्र मोकळं आहे, फक्त पुलावर कोंडी आहे. वीस वर्षं मुलांना हे चित्र दाखवतोय.

स्पष्टवक्ता

अर्थ लादतो वगैरे जे बोललो ते तूर्त मागे घेतो. तूर्त.

लोको_पायलट_नाही

बाबांना विचारा, भट्टी कुठे असते.

खोपोलीवाली

विचारलं. म्हणाले, "मागं. पण रात्री वळणावर अंगावर येताना सगळं तांबडंच दिसायचं."

खडू

😀

रेडिंगकर

दोन गोष्टी करून आलो.

शनिवारी मेडनहेडला उतरून नदीकाठाने पुलाखाली गेलो. तिथल्या एका कमानीला 'आवाजाची कमान' म्हणतात, खाली उभं राहून टाळी वाजवली की ती सात-आठ वेळा परत येते. मी टाळी वाजवली. मग कुणी बघत नाही असं पाहून "ओ मावशी!" अशी हाक मारली. तीही आली परत. वरून गाडी गेली तेव्हा आवाजापेक्षा थरथर आधी जाणवली, पायातून. खालून कठडा काही नीट दिसत नाही. शिवाय मूळ दोन रुळांचा पूल पुढे चार रुळांसाठी रुंद केलाय.

मग सोमवारी गाडीतून बघायचं ठरवलं. आधीपासून दाराच्या काचेला नाक लावून उभा राहिलो. बाहेर पाऊस होता. पूल पार व्हायला चार सेकंद लागले. विटा दिसल्या, नदीचा पांढरट पट्टा दिसला, संपलं. खिडक्या उघडत नाहीत आता. नऊ मिनिटं काय, नऊ सेकंदही कुणाला डोकं बाहेर काढता येणार नाही. लेडी सायमन बाईंचा हेवा वाटला.

@खोपोलीवाली, बाबांच्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकी आहे. येत्या आठवड्यात रोज एकेका खिडकीतून बघणार आहे.

खोपोलीवाली

वाचून दाखवलं. हसले. आता विचारतायत, तिकडे पावसात गस्तीला जाणाऱ्यांना कपडे कसले देतात?

रेडिंगकर

नारिंगी. टोपीपासून पायापर्यंत नारिंगी, वर चकाकत्या पट्ट्या. आजच सकाळी ट्वायफर्डच्या पुढे चौघे रुळांच्या कडेला उभे होते, धुक्यात. फार लांबून दिसले.